राणे साहेबांच्या रस्त्यानं : कारवार ते राजौरी

परमवीर चक्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हार घातलेला फोटो येतो. एकवीस मानकऱ्यांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर मिळालं, तेव्हा तसं होणं साहजिकच आहे. १९४८च्या भारत-पाक युद्धात नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे मेजर रामा राघोबा राणे मात्र रणांगणावरून परत आले. त्यांनी पुढे वीसहून अधिक वर्षं नोकरी केली, लग्न केलं, चार मुलं वाढवली आणि १९९४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. पराक्रमाचे ते चार दिवस आणि त्यानंतरची शेहेचाळीस वर्षं, दोन्ही मिळून राणे. दुसऱ्या भागाबद्दल आपण फार कमी बोलतो, असं मला नेहमी वाटतं.

आमचे वडील, आप्पा, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. भरती झालेल्या प्रत्येक पोराला तिथे राणे साहेबांची गोष्ट सांगितली जायची, आणि रजेवर आले की आप्पा ती आम्हाला सांगायचे. आप्पा गेल्यावर दादा म्हणाला, "तो रस्ता एकदा बघून येऊ." दादाचंही आता वय झालंय, गुडघे कुरकुरतात, पण बेत पक्का केला तो त्यानंच. सुरुवात राणेंच्या गावापासून करायची, शेवट राजौरीला.

मंगळवार, कारवार

मडगावहून सकाळच्या गाडीनं कारवारला उतरलो. एप्रिल लागला होता, हवा दमट, अंगाला सदरा चिकटलेला. संध्याकाळपर्यंत खोलीतच बसावं लागलं. ऊन कलल्यावर रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर गेलो. तरुण वयात टागोर इथे त्यांच्या न्यायाधीश भावाकडे राहिले होते, म्हणून किनाऱ्याला त्यांचं नाव. सुरूच्या झाडांतून वारा येत होता आणि तेवढाच काय तो गारवा.

राणेंचा पुतळा इथेच आहे, 'आयएनएस चपळ' या युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी. ७ नोव्हेंबर २००६ रोजी त्याचं अनावरण झालं. 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका, १९७६ साली नौदलात आली, २००५ साली निवृत्त झाली आणि आता किनाऱ्यावर उभी आहे. संग्रहालय पाहणारी कुटुंबं बाहेर येऊन पुतळ्यापाशी थांबत होती. एक बाई लेकीला कानडीत काहीतरी समजावत होत्या. दादानं विचारल्यावर त्या चटकन मराठीत आल्या. "आमच्या चेंडियाचे ते. बाँब काढणारे." दादानं हळूच दुरुस्ती केली, "सुरुंग." बाई हसून म्हणाल्या, "तेच ते, जीव घेणारं सगळं सारखंच."

राणेंच्या नावाचं इथे एवढंच नाही. भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला १९८०च्या दशकात त्यांचं नाव दिलं होतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक त्यांच्या नावाचं. समुद्रकाठच्या गावात जन्मलेल्या माणसाच्या नावाचं बेट असावं, हे मला फार आवडलं.

रात्री एका घरगुती खानावळीत तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, उकडा भात आणि सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी कारवारात हॉटेलच्या मोठ्या पाट्यांकडे न बघता दुपारी जिथे रिक्षावाले जेवतात तिथे जावं. साडेतीननंतर मात्र काही उरत नाही.

बुधवार, चेंडिया आणि सदाशिवगड

चेंडिया कारवारच्या दक्षिणेला. महामार्गानं जाताना नौदलाच्या तळाची भिंत लांबच लांब सोबत करते. या तळासाठी इथल्या कितीतरी घरांनी जमिनी सोडल्या. गाव हिरवं, माडांचं, मागे सह्याद्रीचे डोंगर अगदी अंगावर आलेले. राणेंच्या नातेवाइकांच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. त्यांचं घर हे घर आहे, स्थळदर्शन नव्हे. आम्ही फक्त गावातून चाललो, देवळाच्या पायरीवर बसलो.

तिथे एक आजोबा भेटले, नव्वदीच्या आसपासचे. कारवार मुंबई राज्यात असतानाच्या मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठी स्वच्छ, मधूनच कोकणी हेल. राणेंचे वडील पोलीस शिपाई. सतत बदल्या, त्यामुळे पोराच्या शाळाही सतत बदलल्या. १९३० साली चळवळीचं वारं बारा वर्षांच्या रामाला लागतंय असं दिसल्यावर वडील घाबरले आणि बिऱ्हाड गावी आणलं. आजोबा म्हणाले, "त्या वर्षी अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता. सरकारी नोकर माणूस. घाबरणार नाही तर काय करणार?"

हा बाप मला पहिल्यांदाच इतका स्पष्ट दिसला. पोराची काळजी वाटून गावी आलेला. आणि तोच पोरगा १० जुलै १९४० रोजी बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, त्या तुकडीतला सर्वोत्तम रिक्रूट ठरला आणि कमांडंटची छडी घेऊन बाहेर पडला. पुढे ब्रह्मदेशात बुथिडाँगला माघारीच्या वेळी दारूगोळ्याचा साठा उडवायला त्याची तुकडी मागे ठेवली. न्यायला जहाज येणार होतं ते आलंच नाही. जपानी गस्तीला चुकवत नदी ओलांडून ही माणसं आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. आप्पा ही गोष्ट सांगताना नेहमी त्या न आलेल्या जहाजापाशी थांबायचे. "सॅपरला मागे ठेवतात आणि सॅपरलाच पुढे धाडतात," हे त्यांचं वाक्य.

दुपारनंतर काळी नदी ओलांडून सदाशिवगडला गेलो. जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, आता वाहतूक नव्या पुलावरून आहे. गडावरून नदी समुद्राला मिळते ते सगळं एका नजरेत दिसतं. आम्हाला ओढ होती ती वेगळ्या कारणानं. १९५०च्या दशकात परमवीर म्हणून इथल्या शाळेच्या समारंभाला आलेल्या राणेंनी तिथल्या एका विद्यार्थिनीला पाहिलं आणि रीतसर तिच्या घरी जाऊन मागणी घातली. फेब्रुवारी १९५५ मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांचं वय होतं छत्तीस. हा आकडा लक्षात ठेवा, नौशेऱ्याला पुन्हा लागणार आहे.

गुरुवार, जम्मू

पूर्ण दिवस विमानतळांवर गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी जम्मूत रघुनाथ बाजाराजवळ कलाडी कुलचा खाल्ला. कलाडी म्हणजे इथलं घट्ट, ताणलं जाणारं चीज. तव्यावर स्वतःच्याच तुपात भाजतात आणि पावात घालून देतात. दादानं दुसरा मागवला.

एक सूचना आत्ताच देते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड हवं, नाहीतर इथे नवीन घ्यावं लागतं. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, नाक्यांवर दाखवावं लागतं.

शुक्रवार, अखनूर, सुंदरबनी, नौशेरा

गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही नौशेऱ्याचे ठरवले होते, आणि ते फार बरं झालं. त्याला रस्त्यावरचं प्रत्येक वळण नावानिशी ठाऊक. "तुम्ही वैष्णोदेवीला नाही जाणार?" त्यानं दोनदा विचारून घेतलं. आम्ही कशासाठी आलोय ते सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मेरे दादाजी उसी सड़क पर खच्चर चलाते थे."

अखनूरला चिनाब सपाटीवर येते. पाणी राखाडी-हिरवं, वेगवान. काठावरच्या जिया पोता घाटावर १८२२ साली महाराजा रणजितसिंहांनी गुलाबसिंहांना जम्मूचे राजे म्हणून राजतिलक केला. घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो आणि पाच मिनिटांत वर घेतले, इतकं गार पाणी. पुढे कंडीचा कोरडा पट्टा, गहू पिवळा झालेला, कापणीची माणसं शेतात. सुंदरबनीला ढाब्यावर राजमा-चावल, वर साजूक तूप आणि अनारदाण्याची चटणी. ही चटणी मी घरी आणली आहे, तसा स्वाद इथल्या डाळिंबाला येणं शक्य नाही.

सुंदरबनीनंतर आभाळ भरून आलं आणि वीस मिनिटं गारा पडल्या. गारा थांबल्यावर डोंगरावर चीड, म्हणजे पाइन वृक्ष, दिसायला लागले, उंच, सरळ, ओले. दादा म्हणाला, "ही ती झाडं." त्याच्या हातात राणेंच्या परमवीर मानपत्राची प्रत होती, कडेला पेन्सिलनं खुणा केलेली.

नौशेरा छोटं, गजबजलेलं गाव. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी इथे मोठा हल्ला झाला. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ब्रिगेडनं तो परतवला आणि तैनधारच्या ठाण्यावर नाईक जदुनाथसिंह एकटे उरेपर्यंत लढून पडले. त्यांनाही परमवीर. ३ जुलैला झांगडला तोफेच्या गोळ्यानं उस्मान गेले. त्यांचा जन्म १५ जुलै १९१२चा. छत्तीस पूर्ण व्हायला बारा दिवस कमी होते आणि लग्न झालेलं नव्हतं. ज्या वयाला उस्मान पोचले नाहीत त्या वयात राणेंच्या डोक्यावर अक्षता पडल्या. हे मी दादाला बोलून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणून तर परत आलेल्यांचं आयुष्यही नीट सांगितलं पाहिजे."

झांगड नियंत्रण रेषेजवळ आहे. तिकडे जायचं तर लष्कराची परवानगी लागते, आम्ही गेलो नाही. नौशेऱ्यात राहायची सोय साधीच आहे. आरामशीर खोली हवी असेल तर थेट राजौरीला मुक्काम करावा.

शनिवार, नौशेरा ते चिंगस ते राजौरी

ही तारीख दादानं मुद्दाम साधली होती, ११ एप्रिल. सहाला निघालो, कारण राणेंच्या मानपत्रातही त्या दिवशीची सुरुवात सहाचीच आहे.

ते मानपत्र मी आधी वाचलं होतं, पण त्या रस्त्यावर मोठ्यानं वाचल्यावर त्याचा खरा घाट कळला. ते वेळापत्रक आहे. ८ एप्रिल १९४८ : ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी घेऊन सेकंड लेफ्टनंट राणे सुरुंग काढायला थांबलेले असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार, पाच जखमी, जखमींत राणे स्वतः. उरलेल्यांना गोळा करून त्यांनी काम सुरू केलं. संध्याकाळी चौथ्या डोगरा पलटणीनं बारवालीची धार घेतली. धार पूर्ण मोकळी झाली नव्हती तरी राणे रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणत होते, रात्री दहापर्यंत. ९ एप्रिल : सकाळी सहा ते दुपारी तीन, वळणरस्ता तयार. मग सर्वांत पुढच्या गाडीत बसून निघाले. अर्ध्या मैलावर चीड आडवे पाडून केलेला अडथळा, तो सुरुंगानं उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा. मग उडवलेली मोरी. अंधार पडताना पाच मोठे वृक्ष, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. १० एप्रिल : पहाटे पावणेपाचला पुन्हा त्याच अडथळ्यापाशी. साडेसहाला तो साफ. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळेच अडथळे, साडेदहाला तेही साफ. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून दोन वाजता चिंगसला पोचले, पण मागून रसद यायची तर रस्ता हवा, म्हणून राणे न खाता, न थांबता रात्री नऊपर्यंत रस्त्यावरच. ११ एप्रिल : सकाळी सहाला सुरुवात, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि त्यानंतर पुढचा भाग रात्री दहापर्यंत.

यात कुठेही एका क्षणाची झेप नाही. सुरुंग, झाड, मोरी, पुन्हा सुरुंग. भीती प्रत्येक शंभर पावलांवर नव्यानं असणार आणि प्रत्येक वेळी नव्यानं बाजूला ठेवावी लागली असणार. रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोऱ्यांनी इशारे देत त्यांनी सुरुंग काढले ही आठवण सॅपर्समध्ये सगळ्यांना माहीत आहे. आप्पा ती जमिनीवर पालथं पडून करून दाखवायचे आणि आम्ही त्यांच्या पाठीवर रणगाडा म्हणून बसायचो.

ड्रायव्हरनं बारवालीच्या बाजूला बोट केलं तिथे उतरलो. रस्ता डोंगराला बिलगून वळतो, खाली तावीचं दगडगोट्यांचं पात्र. वरच्या अंगाला कुणी बंदूक घेऊन बसलं तर रस्त्यावरच्या माणसाला आडोसा कुठेच नाही, हे नकाशावर कळत नाही. तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं.

तेवढ्यात वळणावरून बकरवालांचा कळप आला. शेकडो शेळ्या-मेंढ्या, सामान लादलेले घोडे, एका घोड्यावर बांधलेलं तान्हं मूल आणि पुढे एक म्हातारा. उन्हाळा लागला की ही कुटुंबं पीर पंजाल ओलांडून वरच्या कुरणांकडे निघतात. आमची गाडी अर्धा तास अडकली आणि आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. म्हातारबाबांनी रस्त्याच्या कडेलाच चहा उकळला, मिठाचा. दादा कौतुकानं प्यायला, मला दुसरा पेला जमला नाही.

चिंगसला मुघलकालीन सराई आहे. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत वारला, तेव्हा देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी इथे पुरली, अशी परंपरा. यात्रेकरू कमी, शांतता खूप. पण आमच्यासाठी चिंगस म्हणजे अकरा वाजताची वेळ. दादानं घड्याळ बघून सराईच्या भिंतीपाशी टोपी काढली. आम्ही दोघांनी जवळचे पेढे आधी ड्रायव्हरला, मग तिथे खेळणाऱ्या पोरांना दिले.

दुपारी राजौरी. १२ एप्रिल १९४८ रोजी भारतीय सैन्य इथे पोचलं, पण त्याआधीच्या पाच महिन्यांत या गावानं भयंकर कत्तल पाहिली होती. बलिदान भवनात त्या कत्तलीत गेलेल्यांची आठवण जपली आहे. अलीकडचीही जखम ताजी आहे. मे २०२५च्या तोफमाऱ्यात राजौरी आणि पूंछनं फार सोसलं. त्यावर लोक स्वतःहून बोलले तर ऐकावं, आपण खोदून विचारू नये. आणि अंधार पडल्यावर या रस्त्यानं प्रवास करू नये, स्थानिकही टाळतात.

रविवार, शाहदरा शरीफ आणि एक घर

सकाळी ठाणामंडीच्या बाजूला शाहदरा शरीफला गेलो, बाबा गुलाम शाह बादशाह यांचा दर्गा. सगळ्या धर्मांचे लोक येतात. लंगरात मक्याची रोटी मिळते, ती चुकवू नका. रांगेत एक निवृत्त सुभेदार भेटले, जम्मू-काश्मीर रायफल्सचे. "आपके पिताजी सैपर थे?" एवढं विचारून त्यांनी दादाला मिठी मारली आणि पुढचा तासभर दोघे पेन्शन, गुडघे आणि नातवंडं यांवर बोलत बसले.

संध्याकाळी ड्रायव्हरनं घरी जेवायला नेलं. राजमा, ताक घालून केलेली कढी, मक्याची रोटी. त्याच्या आईनं माझ्या ताटावरून नजर हलवली नाही, त्यामुळे मी नेहमीच्या दुप्पट जेवले. त्याच्या धाकट्या मुलाला, आठएक वर्षांचा असेल, दादानं राणेंची गोष्ट सांगितली. हिंदी यथातथाच, पण रणगाडा आणि दोऱ्या आल्यावर पोरगं ताट सोडून पुढे सरकलं.

गोष्ट संपल्यावर त्यानं विचारलं, "फिर शहीद हो गए?"

"नहीं," दादा म्हणाला, "घर गए. शादी हुई. चार बच्चे हुए. बूढ़े होकर गए."

पोरानं आजीकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. त्याचा मोठा काका अरुणाचलमध्ये तैनात आहे, हे आम्हाला नंतर कळलं. आजीनं दादाच्या ताटात आणखी एक रोटी वाढली आणि काका कधी रजेवर येणार, मागच्या खेपेला त्यानं गोठ्याला कसं नवं छप्पर घातलं, ते सांगायला सुरुवात केली.

आप्पा रजेवर आले की ओढ्यात दगड टाकायचे. आमची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात पाणी वाढायचं. आप्पा प्रत्येक दगड रोवून, वर उभे राहून, हलवून बघायचे आणि मगच आम्हाला हाक मारायचे. रजेचे निम्मे दिवस त्यात जायचे. आई चिडायची, विसावा घ्या म्हणायची. त्या गोठ्याच्या छपराची हकिगत ऐकताना मला हे सगळं आठवलं आणि मी ते त्या आजींना सांगितलं. त्यांना सगळं समजलं. राणेंना १९६८ साली निवृत्ती मिळाली, पुन्हा सेवेत घेतलं ते १९७१पर्यंत. एकतीस वर्षांच्या नोकरीत घरासाठी किती रजा मिळाल्या असतील, आणि त्या त्यांनी कशा घालवल्या असतील, यावर आम्ही परतताना गाडीत बोलत होतो.

सोमवार, परतीचा रस्ता

जम्मू-पूंछ महामार्ग सध्या रुंद होतोय. नौशेऱ्याचा सातशे मीटरचा बोगदा जानेवारी २०२४ मध्ये आरपार खोदून झाला. काम सीमा सडक संघटनेचं. ठिकठिकाणी वाहतूक थांबवतात, त्यामुळे राजौरी ते जम्मू या सुमारे दीडशे किलोमीटरला सहा तास धरून चला आणि त्याच दिवशीचं विमान घेऊ नका.

अशाच एका थांब्यावर दादा उतरला. झेंडा घेऊन उभा असलेला मजूर झारखंडचा, दुमका जिल्ह्यातला. या डोंगरांतले रस्ते बांधायला त्या भागातून वर्षानुवर्षं माणसं येतात. दादानं त्याला उरलेले पेढे दिले आणि फौजी फौज्याला विचारतो तोच प्रश्न विचारला, "छुट्टी कब है?"

"आषाढ़ में," तो म्हणाला, "धान रोपने जाएँगे." दोन मुलींची नावं सांगितली, धाकटी यंदा शाळेत जाणार म्हणाला. मग त्यानं हिरवा झेंडा दाखवला, मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला आणि दादा धावतपळत गाडीत येऊन बसला.